टायटॅनियमचा ग्रेड निवडताना: आधी माध्यम, मग फट, ताकद शेवटी

टायटॅनियमच्या निवडीतली चूक बहुतेक वेळा पहिल्याच पावलाला होते. ग्रेडची यादी उघडली जाते, त्यात ग्रेड ५ सगळ्यांत ताकदवान दिसतो आणि "घालायचाच तर चांगला घालू" म्हणून तोच ड्रॉइंगवर जातो. पुढे पत्रा वाकताना तडकतो, हव्या त्या मापाची ट्यूब मिळत नाही आणि ज्या गंजासाठी टायटॅनियम घेतले तो गंज तसाच राहतो. दुसरी चूक याच्या उलट आहे. "टायटॅनियमला काही होत नाही" या भरवशावर सगळीकडे ग्रेड २ लागतो आणि गॅस्केटखालची जागा आतल्या आत पोखरली जाते.

ग्रेडचे आकडे म्हणजे दर्जाची शिडी नव्हे. ग्रेड १ ते ४ हे बिनमिश्र टायटॅनियम असते आणि त्यांच्यातला मुख्य फरक ऑक्सिजनचा आहे. ऑक्सिजनची कमाल मर्यादा अनुक्रमे ०.१८, ०.२५, ०.३५ आणि ०.४० टक्के. ऑक्सिजन वाढला की धातू कडक होतो आणि त्याची लवचीकता घटते. ५ पासून पुढचे आकडे यादीत भर पडत गेली तसे दिलेले क्रमांक आहेत. त्यामुळे ग्रेड १२ हा ग्रेड ७ पेक्षा "वरचा" नाही आणि ग्रेड ७ हा ग्रेड ५ चा मोठा भाऊही नाही. ग्रेड ७ म्हणजे ताकदीने ग्रेड २ च, त्यात फक्त चिमूटभर पॅलेडियम.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. प्रत्येक टप्प्यावर काही ग्रेड गळतात आणि शेवटी उरलेल्यांतून निवड करायची असते.

## तयारी: यादी उघडण्याआधी हे कागदावर लिहा

प्रोसेस डेटाशीटमधली एक ओळ पुरत नाही. "समुद्राचे पाणी, ६० अंश" एवढ्यावर निवडलेला ग्रेड चुकण्याचीच शक्यता जास्त. पुढची माहिती गोळा करा:

- माध्यमाची पूर्ण घडण: क्लोराइड किती, पीएच किती, पाण्याचे प्रमाण किती, फ्लोराइडचा अंश आहे का, लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन आहेत का.
- धातूच्या भिंतीचे तापमान. द्रवाचे सरासरी तापमान नव्हे. वाफेने तापणाऱ्या ट्यूबची भिंत आतल्या द्रवापेक्षा बरीच गरम असते, आणि गंजाला फरक पडतो तो भिंतीच्या तापमानाने.
- नेहमीच्या कामाबाहेरच्या अवस्था: सुरू करताना, बंद करताना, आम्लाने सफाई करताना, प्लांट थांबून द्रव आत साचून राहिल्यावर.
- जोड कुठे कुठे आहेत: फ्लॅंज (पाइप जोडायची कडेची चकती), गॅस्केट (जोडातली गळती रोखणारी गादी), ट्यूबशीट (ट्यूबची टोके बसवायची छिद्रांची प्लेट), आटे, टाके घातलेले अस्तर, गाळ साचण्याच्या जागा.
- टायटॅनियमला टेकणारे इतर धातू, आणि जवळपास कॅथोडिक प्रोटेक्शन (धातूला ऋण व्होल्टेजवर ठेवून गंज रोखण्याची पद्धत) असल्यास त्याचे व्होल्टेज.
- वस्तू कशी बनणार: वाकवून, दाबून, वेल्ड करून की मशीनवर कातून.
- कोणता डिझाइन कोड लागू आहे.

तपासा: आम्ल-सफाईची पद्धत लिहिली का? ही नोंद सगळ्यांत जास्त वेळा राहून जाते. वर्षभर निवांत चाललेला हीट एक्स्चेंजर (एका द्रवाची उष्णता दुसऱ्याला देणारे यंत्र) एका दिवसाच्या हायड्रोक्लोरिक सफाईत खराब होऊ शकतो.

## टप्पा १: जिथे कोणताच ग्रेड चालत नाही ती कामे आधी वगळा

टायटॅनियमचा सगळा बचाव त्याच्या पृष्ठभागावरच्या पातळ ऑक्साइड थरावर आहे. हा थर ओरखडला तरी पाणी किंवा ऑक्सिजन मिळताच पुन्हा तयार होतो. जिथे तो तयार होऊ शकत नाही किंवा विरघळून जातो तिथे ग्रेड बदलून काही साधत नाही.

कोरडा क्लोरीन. ओल्या क्लोरीनमध्ये टायटॅनियम उत्तम टिकते, पण कोरड्या क्लोरीनमध्ये ते पेट घेते. खोलीच्या तापमानाला वायूत साधारण १ टक्का पाणी लागते आणि तापमान वाढले की त्याहून जास्त. त्यामुळे क्लोरीन वाळवणाऱ्या टॉवरच्या आधीची पाइपलाइन टायटॅनियमची चालते, नंतरची चालत नाही. ही सीमारेषा ड्रॉइंगवर ठळक आखा, कारण दुरुस्तीच्या वेळी शिल्लक तुकडा पलीकडे लावण्याचा मोह होतोच.

हायड्रोफ्लोरिक आम्ल आणि आम्लधर्मी फ्लोराइड. ऑक्साइड थर थेट विरघळतो. पॅलेडियम असलेले ग्रेडही इथे वाचत नाहीत.

लाल धुरकट नायट्रिक आम्ल. साध्या नायट्रिकमध्ये टायटॅनियम चांगले. पण पाणी फार कमी आणि नायट्रोजन डायऑक्साइड जास्त असलेल्या आम्लात पृष्ठभागावर असा थर बनतो की तो धक्क्याने स्फोटासारखा पेटू शकतो.

निर्जल मेथेनॉल. ताणाखालच्या भागाला तडे जातात. सुमारे २ टक्के पाणी असले तर हा धोका टळतो. वेल्डिंगच्या आधी पुसायला मेथेनॉल वापरू नका ते याचसाठी.

दाबाखालचा शुद्ध ऑक्सिजन. ताजा फाटलेला किंवा खरवडलेला पृष्ठभाग इथे पेटू शकतो. द्रव ऑक्सिजनच्या कामात तर टायटॅनियमचे नावच नको.

गरम अल्कधर्मी हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि पारा. पहिल्यात धातू झिजतो, दुसऱ्याने ठिसूळ होतो. कॅडमियमचा मुलामा दिलेले बोल्टही याच कारणाने टायटॅनियमवर वापरत नाहीत.

सावधान: यांतली एखादी अवस्था "क्वचितच" येत असली तरी ती वगळण्याचे कारण धरा. यांतल्या बऱ्याच प्रकारांत धातू हळूहळू गंजत नाही. तो पेटतो किंवा अचानक तडकतो.

## टप्पा २: माध्यम ऑक्सिडायझिंग की रिड्युसिंग?

ऑक्सिडायझिंग माध्यमे म्हणजे नायट्रिक आम्ल, क्रोमिक आम्ल, ओला क्लोरीन, हायपोक्लोराइट, फेरिक किंवा क्युप्रिक क्षारांची द्रावणे, हवा मिसळलेले समुद्राचे पाणी. इथे थर टिकून राहतो. जोडांत फट नसेल तर ग्रेड २ पुरेसा आहे आणि महाग ग्रेडवर खर्च करायचे कारण नाही.

रिड्युसिंग आम्ले म्हणजे हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक, फॉस्फोरिक, ऑक्झॅलिक आणि फॉर्मिकच्या काही अवस्था. यांत तो थर टिकणे अवघड जाते, म्हणून इथे सगळा खेळ सांद्रता आणि तापमान यांचा असतो. हवा नसलेल्या शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्लात वापराची ढोबळ मर्यादा अशी धरतात:

- ग्रेड २: खोलीच्या तापमानाला सुमारे ७ टक्के, उकळीजवळ जेमतेम अर्धा टक्का.
- ग्रेड १२: खोलीच्या तापमानाला सुमारे ९ टक्के, उकळीजवळ एक टक्क्याच्या किंचित वर.
- ग्रेड ७: खोलीच्या तापमानाला सुमारे २७ टक्के, उकळीजवळ सुमारे ५ टक्के.

हे आकडे फक्त चाळणीसाठी आहेत. आम्लात थोडे फेरिक किंवा क्युप्रिक आयन असतील तर ग्रेड २ देखील अनपेक्षितपणे चांगला टिकतो, कारण हे आयन थर जपतात. पण या आयनांवर विसंबून ग्रेड ठरवायचा असेल तर ते प्रत्येक अवस्थेत असतील याची खात्री हवी. प्रयोगशाळेतले शुद्ध आम्ल आणि कारखान्यातले मळके आम्ल यांचे निकाल वेगळे येतात. त्यामुळे नमुना टाकीतल्या खऱ्या द्रवाचा घ्या, आणि चाचणीची पट्टी वेल्ड केलेली असू द्या.

ग्रेड ५ या रांगेत मागे आहे. त्यातल्या ॲल्युमिनियम आणि व्हॅनेडियम यांनी ताकद वाढते, आम्लातला टिकाऊपणा वाढत नाही. रिड्युसिंग आम्लात ग्रेड ५ ची कामगिरी ग्रेड २ पेक्षा वाईट असू शकते.

सावधान: चुन्याचे थर काढायला हायड्रोक्लोरिक आम्ल वापरायचे असेल, तर पोलादासाठी बनवलेला इन्हिबिटर (आम्लात मिसळायचे गंजरोधक रसायन) टायटॅनियमला वाचवतोच असे नाही. टायटॅनियमसाठी आम्लात थोडे फेरिक क्लोराइड घालतात, पण तेच फेरिक क्लोराइड शेजारच्या पोलादाला खाते. मिश्र धातूंच्या यंत्रणेत सफाईचे रसायन ठरल्याशिवाय ग्रेड पक्का करू नका.

## टप्पा ३: फट शोधा

बहुतेक चुकीची निवड इथे उघडी पडते. म्हणून या टप्प्याला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

फटीत अडकलेल्या द्रवातला ऑक्सिजन संपतो, क्लोराइड आत ओढले जातात आणि पीएच घसरत जातो. बाहेर पीएच ७ असला तरी फटीत तो १ च्या जवळ जाऊ शकतो. म्हणजे बाहेरून निरुपद्रवी दिसणारे खारे पाणी फटीच्या आत गरम हायड्रोक्लोरिक आम्लासारखे वागू लागते. उघड्या पृष्ठभागाच्या चाचणीत हे कधीच दिसत नाही.

क्लोराइडयुक्त पाण्यात ग्रेड २ साठीची व्यवहारातली रेषा धातूच्या सुमारे ८० अंश सेल्सिअस तापमानाची आहे. त्याखाली फटीतला गंज सहसा होत नाही, त्यावर गेल्यास फट असलेल्या जागेचा वेगळा विचार करायचा. निवड अशी करा:

1. धातूचे तापमान ८० अंशांखाली, फट आहे: ग्रेड २. समुद्राच्या पाण्याने थंड होणारे कंडेन्सर याच गटात येतात. ०.५ ते ०.७ मिमी भिंतीच्या वेल्डेड ट्यूब तिथे नेहमीच्या आहेत.
2. ८० अंशांवर, पण उघडा पृष्ठभाग, फट नाही, गाळ साचत नाही: ग्रेड २ चालू शकतो. "गाळ साचत नाही" हे वाक्य मात्र सिद्ध करावे लागते. क्षाराचा थर ही देखील फटच.
3. ८० अंशांवर, फट आहे, पीएच ३ च्या वर: ग्रेड १२. यात ०.२ ते ०.४ टक्के मॉलिब्डेनम आणि ०.६ ते ०.९ टक्के निकेल असते. ताकदही ग्रेड २ पेक्षा बरी.
4. ८० अंशांवर, फट आहे, पीएच ३ च्या खाली: पॅलेडियम किंवा रुथेनियमचे ग्रेड. ग्रेड ७ मध्ये ०.१२ ते ०.२५ टक्के पॅलेडियम, ग्रेड १६ मध्ये ०.०४ ते ०.०८ टक्के पॅलेडियम, ग्रेड २६ मध्ये ०.०८ ते ०.१४ टक्के रुथेनियम. तिघांची यांत्रिक ताकद ग्रेड २ इतकीच.

ग्रेड १६ आणि २६ हे ग्रेड ७ पेक्षा स्वस्त पडावेत म्हणूनच आले. फटीतल्या गंजाच्या बहुतेक कामांत ते ग्रेड ७ च्या जागी चालतात. आम्ल खरोखर कडक असेल तेव्हाच पॅलेडियमचे पूर्ण प्रमाण मागा. मऊ पत्रा हवा असेल तर हीच तिकडी ग्रेड १ च्या पायावर मिळते: ११, १७ आणि २७.

इथे पैसे वाचवायची एक चांगली रीत आहे. सगळे यंत्र ग्रेड ७ चे करण्याऐवजी फक्त फट असलेली जागा सांभाळायची. फ्लॅंजच्या गॅस्केट बसणाऱ्या तोंडावर ग्रेड ७ च्या वायरने वेल्ड ओव्हरले करून (वेल्डचा थर चढवून) मग ते तोंड कातून घ्यायचे, आणि बाकी फ्लॅंज ग्रेड २ चा ठेवायचा. ट्यूब आणि ट्यूबशीटचा जोड नुसता फुगवून न ठेवता सील वेल्ड केला की तिथली प्रक्रियेच्या बाजूची फटच नाहीशी होते.

गॅस्केटचे द्रव्यही पाहा. पीटीएफई (टेफ्लॉन) आणि त्यासारखी फ्लोरोपॉलिमर गॅस्केट फटीतला गंज वाढवतात. गरम क्लोराइडमध्ये ग्रेड २ च्या फ्लॅंजवर पीटीएफई हे जोड बिघडण्याचे नेहमीचे कारण आहे.

तपासा: ड्रॉइंगवरची प्रत्येक फट लाल पेनाने गोल करा आणि शेजारी त्या जागेचे धातूचे तापमान लिहा. एखादा गोल आकड्याविना राहिला तर हा टप्पा संपलेला नाही.

## टप्पा ४: आता ताकद आणि तापमान

आतापर्यंत उरलेल्या ग्रेडमधून ताकदीचा हिशेब करा. टेन्साइल म्हणजे तुटेपर्यंतची ताकद, यील्ड म्हणजे धातू कायमचा वाकू लागतो तो ताण. किमान मूल्ये, मेगापास्कलमध्ये:

| ग्रेड | टेन्साइल | यील्ड | लांबीतील वाढ (टक्के) |
|---|---|---|---|
| १ | २४० | १३८ | २४ |
| २, ७, १६, २६ | ३४५ | २७५ | २० |
| ३ | ४५० | ३८० | १८ |
| ४ | ५५० | ४८३ | १५ |
| १२ | ४८३ | ३४५ | १८ |
| ९ | ६२० | ४८३ | १५ |
| ५ | ८९५ | ८२८ | १० |
| २३ | ८२८ | ७५९ | १० |

हे आकडे खोलीच्या तापमानाचे आहेत. बिनमिश्र टायटॅनियम तापले की त्याची ताकद झपाट्याने उतरते. ३०० अंशांच्या आसपास ती निम्म्याच्या घरात किंवा त्याखाली गेलेली असते. एएसएमई या अमेरिकन संस्थेच्या प्रेशर व्हेसल (दाबाखालची भांडी) कोडमध्ये बिनमिश्र ग्रेडचे तक्ते ३१६ अंशांना थांबतात. टेस्ट सर्टिफिकेटवरचा आकडा थेट गरम कामाच्या हिशेबात घालणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. हिशेब कोडमधल्या त्या तापमानाच्या अनुज्ञेय ताणावर (कोडने परवानगी दिलेल्या कमाल ताणावर) करा.

प्रेशर व्हेसलसाठी ग्रेड ५ परस्पर गृहीत धरू नका. तुमच्या कोडमध्ये त्याला अनुज्ञेय ताण दिला आहे का ते आधी पाहा. ग्रेड ५ ची खरी जागा शाफ्ट, बोल्ट, इम्पेलर, व्हॉल्व्हचे दांडे आणि यंत्रात फिरणारे किंवा सतत हलणारे भाग ही आहे. पातळ भिंतीची ताकदवान ट्यूब हवी असेल तर ग्रेड ९ बघा. तो थंड अवस्थेत ओढता येतो, ग्रेड ५ ओढणे फार कठीण.

ग्रेड २३ म्हणजे ग्रेड ५ चीच घडण, ऑक्सिजन ०.१३ टक्क्यापर्यंत आवळलेला. ताकद थोडी कमी, पण तडा पसरण्याला विरोध जास्त. अतिथंड तापमानाला, किंवा समुद्राच्या पाण्यात ताणाखाली राहणाऱ्या जाड भागांना ग्रेड ५ ऐवजी हा घ्या. त्याच कामात गरम आणि आम्लधर्मी खारे पाणीही असेल तर ग्रेड २९, म्हणजे २३ मध्ये रुथेनियम. शरीरातल्या इम्प्लांटसाठी मात्र एएसटीएम या मानक-संस्थेचे एफ १३६ हे वेगळे मानक आहे. औद्योगिक सळईवर "२३" लिहिले म्हणून ती तिथे चालत नाही.

सावधान: वाकण्याचा किंवा थरथरण्याचा प्रश्न ग्रेड बदलून सुटत नाही. बिनमिश्र टायटॅनियमचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १०५ गिगापास्कल, ग्रेड ५ चा सुमारे ११४. पोलादाचा २०० च्या घरात. म्हणजे ताकद अडीचपट झाली तरी ताठपणा जवळपास तेवढाच राहतो. तांब्याच्या मिश्रधातूच्या जाड ट्यूब काढून त्याच आधारांवर पातळ टायटॅनियम ट्यूब बसवल्या की त्या थरथरून घासल्या जातात. तिथे आधार जवळ घ्यावे लागतात.

आणखी एक जुनी सवय सोडा. पोलादाला ३ मिमी गंजभत्ता (गंजून जाईल म्हणून दिलेली जादा जाडी) देतात म्हणून टायटॅनियमलाही देणे. ग्रेड बरोबर असेल तर एकसारखी झीज नगण्य असते आणि भत्ता शून्य धरतात. ग्रेड चुकला असेल तर फटीतला गंज ते ३ मिमीही ओलांडतो.

## टप्पा ५: वस्तू बनणार कशी?

पत्रा वाकवण्याच्या चाचणीत पृष्ठभाग न तडकता किती त्रिज्येवर वाकला पाहिजे, हे एएसटीएम बी २६५ सांगते. १.८ मिमीपेक्षा पातळ पत्र्यासाठी ग्रेड १ ला जाडीच्या दीडपट, ग्रेड २ ला दुप्पट, ग्रेड ५ ला साडेचारपट. वर्कशॉपमध्ये याहून मोकळी त्रिज्या ठेवा. दाब सोडल्यावर पत्रा बराच उलट फिरतो, म्हणून डायचा कोन आधी तुकड्यावर ठरवून घ्या.

प्लेट हीट एक्स्चेंजरच्या नक्षीदार प्लेट खोल दाबल्या जातात. त्यांना ग्रेड १ लागतो, ग्रेड २ तिथे फाटतो. पोलादावर स्फोटाने चिकटवायच्या आवरणालाही मऊपणासाठी ग्रेड १ च घेतात.

वेल्डिंगसाठी तीन गोष्टी ग्रेडच्या निवडीशीच जोडलेल्या आहेत:

- वायरचा ग्रेड मूळ धातूशी जुळवा. ग्रेड २ ला ईआरटीआय-२, ग्रेड ७ ला ईआरटीआय-७. ग्रेड ७ चे भांडे ग्रेड २ च्या वायरने जोडले तर पॅलेडियमचे सगळे पैसे वाया. गंज बरोबर वेल्डच्या रेषेतून शिरतो.
- पोलादाला टायटॅनियम थेट वेल्ड होत नाही. मध्ये ठिसूळ संयुगे तयार होतात आणि जोड थंड होतानाच तडकतो. फ्लॅंजने जोडा किंवा क्लॅड प्लेट (पोलादावर टायटॅनियमचे आवरण चिकटवलेली) वापरा.
- आर्गॉनचे आवरण तिन्हीकडून हवे: टॉर्चला, मागे ओढत नेणाऱ्या शील्डला आणि जोडाच्या आतल्या बाजूला. धातू सुमारे ४०० अंशांखाली येईपर्यंत आवरण काढायचे नाही.

तपासा: वेल्डचा रंग. चकचकीत रुपेरी उत्तम, फिकट पिवळसर चालतो. निळा, जांभळा म्हणजे आवरण अपुरे पडले. राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली तर वेल्ड कापून काढा. तपासणीआधी कोणी ब्रश मारला असेल तर रंगाचा पुरावा गेला, म्हणून ब्रश तपासणीनंतरच.

वर्कशॉपमध्ये पोलादाचे ग्राइंडिंग शेजारी चालू असेल तर ग्रेड कितीही अचूक असो, वेल्ड खराबच होणार. टायटॅनियमसाठी वेगळी जागा, वेगळे स्टेनलेस ब्रश आणि पुसायला ॲसिटोन. क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट नको.

## टप्पा ६: शेजारच्या धातूंशी जुळते का?

समुद्राच्या पाण्यात टायटॅनियम स्वतः सुखरूप राहते आणि शेजारच्या पोलादाचा किंवा तांब्याच्या मिश्रधातूचा गंज वाढवते. जुन्या ब्रॉन्झ ट्यूबशीटमध्ये टायटॅनियमच्या ट्यूब घातल्या की ट्यूब टिकतात आणि ट्यूबशीट संपते.

ती ट्यूबशीट वाचवायला कॅथोडिक प्रोटेक्शन लावतात, आणि तिथून दुसरा धोका सुरू होतो. धातू ८० अंशांवर असेल, व्होल्टेज कॅलोमेल इलेक्ट्रोडच्या (मोजणीसाठीच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत सुमारे −०.७५ व्होल्टपेक्षा जास्त ऋण असेल, तर टायटॅनियम हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ लागते. जस्ताचे ॲनोड या मर्यादेच्या बरेच खाली जातात. गरम आणि आम्लधर्मी द्रवात पोलादाशी थेट जोड असला तरी हेच होते. म्हणून जोड विद्युतरोधक ठेवा किंवा व्होल्टेज मर्यादेत ठेवा. हा प्रश्न कोणताही ग्रेड आपोआप सोडवत नाही.

आटे असलेल्या भागांत टायटॅनियमवर टायटॅनियम घासले की ते एकमेकांना पकडून बसते. बोल्ट-नटला वंगण किंवा लेप आधीच ठरवा.

## टप्पा ७: पर्चेस ऑर्डर लिहिताना

"टायटॅनियम ग्रेड २ प्लेट" एवढे पुरत नाही. मालाच्या आकारानुसार मानक बदलते:

- पत्रा आणि प्लेट: एएसटीएम बी २६५
- कंडेन्सर आणि एक्स्चेंजरच्या ट्यूब: बी ३३८
- सीमलेस पाइप: बी ८६१, वेल्डेड पाइप: बी ८६२
- सळई आणि बिलेट: बी ३४८
- फोर्जिंग: बी ३८१
- बेंड, टी इत्यादी फिटिंग: बी ३६३
- वेल्डिंगची वायर: एडब्ल्यूएस ए५.१६

एएसएमई कोडच्या कामात याच आकड्यांच्या "एसबी" मालिका लिहा. ऑर्डरमध्ये ग्रेड, मानक, अवस्था (ॲनील केलेली, म्हणजे तापवून मऊ केलेली), माप, हीट नंबर (धातूच्या एका ओतीचा क्रमांक) प्रत्येक नगावर ठसवण्याची अट आणि ईएन १०२०४ चे ३.१ सर्टिफिकेट (कारखान्याने दिलेले तपासणीचे प्रमाणपत्र) स्पष्ट मागा. ऑक्सिजन आणि हायड्रोजनचे मोजलेले आकडे सर्टिफिकेटवर हवेत. "मर्यादेत" एवढा शब्द चालणार नाही.

ग्रेड २ चा बराच माल ग्रेड २एच मध्येही बसतो. २एच म्हणजे तीच घडण, पण टेन्साइल किमान ४०० मेगापास्कल. कोडच्या हिशेबात त्याला जास्त अनुज्ञेय ताण मिळतो आणि भिंत पातळ होते. पुरवठादाराला दुहेरी सर्टिफिकेटबद्दल विचारा. नुसत्या विचारण्याला खर्च नाही, आणि मोठ्या भांड्यात वजनाची बचत होते.

## टप्पा ८: माल आल्यावर

हातातल्या एक्सआरएफ गनवर (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्ये ओळखणाऱ्या यंत्रावर) आंधळा भरवसा ठेवू नका. ही गन ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन पाहू शकत नाही. म्हणजे ग्रेड १, २, ३ आणि ४ तिला एकसारखेच दिसतात. ग्रेड ५ आणि २३ यांतला फरकही तिला कळत नाही. व्हॅनेडियम दिसते, म्हणून ग्रेड ५ आणि ग्रेड २ वेगळे काढता येतात. ग्रेड १२ चे निकेल-मॉलिब्डेनम आणि ग्रेड ७ चे पॅलेडियमही दिसते. ग्रेड १६ मधले पॅलेडियम इतके कमी असते की वाचनाला जास्त वेळ द्यावा लागतो आणि ओळखीच्या नमुन्याशी ताडून पाहावे लागते.

तपासणीचा क्रम असा ठेवा:

1. नगावरचा हीट नंबर आणि सर्टिफिकेटवरचा हीट नंबर जुळतो का. जुळत नसेल तर पुढची तपासणी करूच नका, माल बाजूला ठेवा.
2. सर्टिफिकेटवरचा ऑक्सिजन, लोह, हायड्रोजन मानकाच्या मर्यादेत आहे का. ग्रेड २ साठी ऑक्सिजन ०.२५, लोह ०.३०, हायड्रोजन ०.०१५ टक्के.
3. मिश्रधातूंसाठी एक्सआरएफ.
4. बिनमिश्र ग्रेडमध्ये शंका असेल तर तुकडा कापून ऑक्सिजनची प्रयोगशाळेत चाचणी आणि टेन्साइल चाचणी. कठीणपणा मोजून अंदाज येतो, पण शेजारच्या दोन ग्रेडची मूल्ये एकमेकांत मिसळतात. ग्रेड १ आणि ४ त्यावरून वेगळे ओळखता येतात, ग्रेड २ आणि ३ नाहीत.

प्लेट कापण्याआधी हीट नंबर प्रत्येक तुकड्यावर उतरवा, उरलेल्या तुकड्यावरही. ग्रेड २ आणि ग्रेड ७ नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसत नाहीत. बिनखुणेचा शिल्लक तुकडा उद्या कुणीतरी गॅस्केटच्या फ्लॅंजला लावणार. त्यावर खूण नसेल तर तो दाब किंवा गंजाच्या कामातून बाद करा आणि फिक्स्चर, स्टँड अशा किरकोळ कामाला वापरा.